हाकेचं माप

श्रावणातली पंचमी. सूर्य कासराभर वर आलेला. राज्याच्या उगवतीकडच्या माळावर, गुडघाभर गवतात, एक अंडं फुटून पडलं होतं.

ही गोष्ट फार पूर्वीची आहे. इतकी पूर्वीची, की त्या राज्याचं नाव लोक विसरले आणि राजाचंही. अंडं मात्र विसरले नाहीत. म्हणून ही गोष्ट अजून सांगता येते.

अंडं माळढोकाचं होतं. माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, पांढऱ्या मानेचा, काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा पक्षी. तो झाडावर बसत नाही, घरटं विणत नाही. मादी गवताच्या आडोशाला, उघड्या जमिनीवर अंडं घालते, आणि घालते तेही एकच. ते गेलं की तिचं वर्ष गेलं.

त्या फुटक्या अंड्याशेजारी एक माणूस गुडघे टेकून बसला होता. त्याचं नाव सटवाजी. तो राज्याचा हाकाऱ्या होता.

आता हाकाऱ्या म्हणजे कोण, ते सांगायला हवं.

सटवाजीच्या आजोबांच्या काळात त्या राज्यावर टोळधाड आली होती. आभाळ काळवंडलं, ज्वारीच्या पानांचा कुरकुर आवाज घराघरांत ऐकू येऊ लागला. तेव्हा माळावरचे माळढोक शेतांत उतरले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर पाखरांनी टोळ वेचून वेचून खाल्ले. निम्मी ज्वारी वाचली आणि त्या निम्म्या ज्वारीवर राज्य जगलं. तेव्हाचा राजा उपकार विसरणारा नव्हता. त्यानं फर्मान काढलं: ‘माळढोक ज्या जागी अंडं घालतो, तिच्याभोवती एका हाकेच्या अंतरात कुणी नांगर धरू नये, गुरं घालू नयेत, पाऊलही टाकू नये. आणि जो अंडं फोडेल, त्यानं माळ सोडावा.’

चांगलं फर्मान होतं. मन चांगलं, हेतू चांगला. चुकलं एवढंच, की हाक किती लांब असते हे कुणी लिहून ठेवलं नाही.

पद्धत अशी पडली. पक्षी वर्षानुवर्षं त्याच दोन-चार जागांना येतात. म्हणून आषाढात, मादी बसायच्या आधी, हाकाऱ्यानं त्या जागी उभं राहून हाक द्यायची. चारी दिशांना एकेक ऐकणारा हाकाऱ्याकडे पाठ करून चालत जायचा. जिथे हाक ऐकू येईनाशी होईल, तिथे तो काठी रोवायचा. काठीच्या जागी पांढरा धोंडा ठेवायचा. धोंड्यांच्या आत पाखराचं राज्य, बाहेर माणसाचं. पुढच्या आषाढात धोंडे काढायचे आणि पुन्हा हाक द्यायची.

सटवाजीचा आजा हाकाऱ्या होता, बाप हाकाऱ्या होता. सटवाजीनं हाक दिली की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करत. त्या आवाजाचा त्याला अभिमान होता. त्या आवाजावर त्याचं घर चालत होतं.

माळाच्या उगवतीला काळी कसदार शेतं होती. ती बड्या घरांची. मावळतीला नुसतं गवत होतं. तिथे धनगरांचे कळप चरत. त्या धनगरांची म्होरकी मायाक्का नावाची बाई होती. नवरा गेल्यावर दोनशे मेंढरं तिनं एकटीनं राखली होती, आणि तिच्या जिभेला तिची कुत्रीसुद्धा भीत.

सहा वर्षांपूर्वी, आषाढातल्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी, राज्याच्या कारभाऱ्यांचा गडी सटवाजीच्या दारात दह्याचं मडकं ठेवून गेला. मागोमाग कारभारी स्वतः आले.

“सटवाजी, दही खाऊन घे. जरा आंबट आहे.”

“कारभारी, उद्या उगवतीची मोजणी. आंबट दह्यानं घसा बसतो माझा.”

“म्हणून तर धाडलंय,” कारभारी हसले. “शहाण्याला किती सांगायचं?”

सटवाजीला समजलं. तरी त्यानं विचारलं, “पण पाखराला जागा कमी पडली तर?”

“पाखराला पंख आहेत. तुला काय आहे? एक पद आहे, तेही आम्ही दिलेलं.”

सटवाजीनं दही खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज घोगरा निघाला. उगवतीला ऐकणारे म्हणून कारभाऱ्यांनी आपल्या चुलत्यांना पाठवलं होतं. त्यांना लग्नातला ताशासुद्धा ऐकू येत नसे. दोनशे पावलांवर त्यांनी काठी रोवली आणि सावलीला जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी मावळतीची मोजणी होती. तिच्या आदल्या संध्याकाळी सटवाजीकडे गूळ आला, आल्याचा रस आला, वर ज्येष्ठमधाचा तुकडा. घसा मोकळा झाला. ऐकायला कारभाऱ्यांचा शिकारी होता. गवतात ससा वळला तरी तो कान टवकारी. तो नऊशे पावलं चालत गेला, मायाक्काच्या पाणवठ्याच्याही पुढे, आणि तिथे धोंडा पडला. उगवतीला पाखराची जी जागा गेली, ती अशी मावळतीला धनगरांकडून भरून काढली.

मग दर वर्षी तेच. हाकाऱ्याच्या घरी काय आलं, हे पाहून गाव सांगू लागलं की धोंडे कुठे पडणार. पाणवठ्यावर मायाक्का त्याला भेटली की तोंडावर विचारी, “काय रं सटवाजी, औंदा दही का ज्येष्ठमध?”

सटवाजी मान खाली घालून निघून जाई. मनाशी म्हणे, दोनशे पावलं काय, नऊशे काय, हाक तर दिली ना. नियम तर पाळला.

हो, नियम पाळला जात होता. नियमच नव्हता, असं कुणी म्हणू नये. फर्मान होतं, हाकाऱ्या होता, धोंडे होते, मोजणीच्या दिवशी नारळही फुटत होता. फक्त माळढोक कमी होत होते. सटवाजीच्या लहानपणी माळावर चाळीस दिसत. अंडं फुटलं त्या वर्षी तीन उरले होते, आणि त्यांत मादी एक.

धनगरही बिघडले, हेही सांगायला हवं. सुरुवातीला ते धोंडे मानत. पण दर वर्षी धोंडा सरकतो, तोही आपल्याच अंगावर, हे पाहून त्यांच्यातल्या काहींनी पहाटे मेंढरं आत घालायला सुरुवात केली. मायाक्कानं एकाला काठीनं झोडपलं. तो म्हणाला, “आक्का, मारतीस खरी. पर उगवतीला नांगर घालत्यात, त्यास्नी कोण मारतंय?” मायाक्कानं काठी खाली टाकली.

त्या वर्षी मादी उगवतीच्या धोंड्यांच्या बाहेर बसली. अवघी साठ पावलं बाहेर. तिला धोंडे कुठे वाचता येत होते? तिची आई, आजी ज्या गवतात बसल्या, त्याच गवतात ती बसली. सटवाजीनं लांबून पाहिलं आणि त्याचं काळीज हललं. रोज सकाळी तो टेकाडावर येऊन तिची पांढरी मान गवतात दिसते का, ते पाही. मान दिसली की हात जोडी.

पंचमीच्या सकाळी मान दिसली नाही. मादी बाजूला हिंडत होती. चार पावलं जाई, परत येई, मान वाकवून जमिनीकडे पाही, पुन्हा जाई. गोष्टीतले पक्षी बोलतात. ही बोलली नाही. सटवाजी जवळ आला तशी ती गवतातून चालत निघून गेली, आणि तो गुडघ्यांवर बसला.

अंडं चिरडलं होतं. भोवती खुरांचे ठसे होते, रुंद आणि खोल. त्यांतल्या एका ठशात लोखंडाची नाल पडलेली होती, बैलाच्या खुराची. सटवाजीनं ती उचलून मुंडाशात खोचली.

दुपारी कारभारी आले. त्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळायला काही लागत नाही. मग म्हणाले, “मेंढरांनी तुडवलं. दुसरं काय? फर्मान स्पष्ट आहे. पोळ्याच्या आत धनगरांनी माळ सोडावा.”

पन्नास घरं, चार हजार मेंढरं. माळ सोडून जायचं कुठे, हे कारभाऱ्यांनी सांगितलं नाही. मात्र राज्याची रीत होती, की ज्याला हद्दपार करायचं, त्याला एकदा राजासमोर बोलू द्यायचं. मायाक्काला आठ दिवसांनी दरबारात बोलावलं. साक्षीला हाकाऱ्याला बोलावलं.

दरबाराच्या आदल्या संध्याकाळी सटवाजीच्या दारात मडकं आलं. दह्याचं.

सटवाजीनं झाकण काढून पाहिलं. बायको म्हणाली, “उद्या तर कुठली मोजणी नाही.”

“मोजणीच आहे,” सटवाजी म्हणाला.

त्यानं मडकं उचललं, कारभाऱ्यांच्या वाड्यापर्यंत चालत गेला आणि उंबऱ्यावर ठेवून आला. सहा वर्षांत पहिल्यांदा ते भरलेलं परत गेलं.

सकाळी दरबार भरला. राजा तरुण होता, नुकताच गादीवर आलेला. फर्मान काढणाऱ्या राजाचा तो नातू. त्यानं सटवाजीला विचारलं, “हाकाऱ्या, अंडं हाकेच्या आत होतं की बाहेर?”

सटवाजीच्या एका बाजूला मायाक्का घोंगडी खांद्यावर टाकून उभी होती, दुसऱ्या बाजूला कारभारी. त्यानं घसा साफ केला.

“कुठल्या हाकेच्या, महाराज? दह्याच्या की ज्येष्ठमधाच्या?”

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. मग सटवाजी सांगू लागला, तसं हसू विरत गेलं. मडकं, गूळ, बहिरे चुलते, कानाचा तिखट शिकारी, सहा वर्षांची सहा मापं, सगळं त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, “यात आवाज माझा होता, महाराज. दही त्यांनी धाडलं, पण खाल्लं मी.”

“दाखव,” राजा म्हणाला.

सगळे गच्चीवर गेले. सटवाजीनं आधी उगवतीची हाक दिली, घोगरी, दबलेली. खालच्या दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यानं मानही वळवली नाही. मग त्यानं श्वास भरून घेतला आणि मावळतीची हाक दिली. नदीपलीकडच्या पागेतले घोडे खिंकाळले. राजाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आवाजानं की लाजेनं, ते त्याचं त्याला माहीत.

“तरीही, महाराज,” कारभारी पुढे झाले, “हाक कशीही असो, अंडं मेंढरांनीच फोडलं.”

सटवाजीनं मुंडाशातून नाल काढून राजापुढे ठेवली. “ही अंड्याजवळ सापडली.”

मायाक्कानं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि कारभाऱ्यांकडे वळली. “कारभारी, मेंढराला नाल मारनारा लोहार हितं कुठं ऱ्हातो, तेवढं सांगा. माझी दोनशे घेऊन जाते त्याच्याकडं. बिचाऱ्यांची पावलं लई झिजल्यात.”

आता दरबार उघड हसला. कारभाऱ्यांचा चेहरा पडला. राजानं विचारलं, “उगवतीचं माप आखूड घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“वरून सांगणं आलं, महाराज.”

“वरून म्हणजे?”

कारभाऱ्यांची नजर राजाच्या सोयऱ्यांच्या बैठकीकडे गेली. राजानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं कारभाऱ्यांची कारभारकी काढून घेतली आणि विषय पुढे नेला.

“मायाक्का, तुम्ही माळ सोडायचा नाही. पण मला सांगा, आजोबांच्या फर्मानाचं आता करू काय? ते मोडू?”

“मोडू नगा, महाराज,” मायाक्का म्हणाली. “तुमच्या आज्यानं चांगलं केलंया. त्या पाखरानं आमचीबी ज्वारी राखली. पर हाक मापाला घेऊ नगा. हाकेला वारा लागतो, घसा लागतो, कान लागतो. आमी शेळीच्या केसाची दोरी वळतो. ती पावसात आटत न्हाई, उन्हात वाढत न्हाई. मेंढरं बसवायला सांजच्याला त्याच दोरीनं जागा आखतो. कळप माझा असू दे, न्हाईतर माझ्या वैऱ्याचा, दोरी तेवढीच. म्हणून तर आमच्यात भांडान होत न्हाई.” मग थांबून म्हणाली, “होतं, पर दोरीवरनं होत न्हाई.”

त्या दिवशी नवं फर्मान लिहिलं गेलं. माळढोकाच्या प्रत्येक जागेभोवती चारी दिशांना पाचशे पावलं, एकाच दोरीनं. धोंडे छातीएवढे खोल पुरायचे आणि पुन्हा हलवायचे नाहीत. पक्षी येवो न येवो, त्या वर्तुळात नांगर नाही, खूर नाही. शेत राजाच्या सोयऱ्याचं असलं तरी नाही. आणि पेरणीआधी, एकाच दिवशी, प्रत्येक गावच्या चावडीवर ते त्याच शब्दांत वाचायचं, म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं कुणाला म्हणता येऊ नये.

शेवटी राजा म्हणाला, “हाकाऱ्याचं पद आजपासून बंद.”

सटवाजीनं मान खाली घातली. तीन पिढ्यांचं पद खरं बोलण्यात गेलं होतं. पण राग आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा घसा हलका वाटत होता.

“मग दोरी कुणाच्या हाती द्यावी?” राजानं विचारलं.

“त्याच्याच,” मायाक्का म्हणाली, आणि हनुवटीनं सटवाजीकडे खूण केली. “चोरवाट ज्याला ठावी, त्यालाच राखनीला बसवावं. आनि त्यानं मडकं परत केलंय. पोटावर पाय येनार हे दिसत असताना केलंय.”

सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला आभार मानायचे होते. ज्याच्या हाकेनं घोडे खिंकाळले, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

दोरी फिरली. मावळतीला धनगरांचा पाणवठा मोकळा झाला. उगवतीला दोरी बड्यांच्या उभ्या पिकात शिरली. ओरड झाली. पुढच्या वर्षी माळढोक आलाच नाही, तेव्हा तर फारच झाली. एक बडे शेतकरी धोंड्यावर पाय ठेवून सटवाजीला म्हणाले, “कुणासाठी राखतोस रे ही जागा? पाखरू कुठंय?”

“पाहुणा यायच्या आधीच घर झाडावं लागतं, सरकार,” सटवाजी म्हणाला. “पाय खाली घ्या.”

त्यांनी पाय खाली घेतला. कुरकुरत घेतला, पण घेतला. शेजाऱ्याचीही तेवढीच जमीन दोरीत गेली होती, आणि त्याच्या शेजाऱ्याचीही. सगळ्यांची सारखी गेली, की माणूस कुरकुरतो, पण चोरी करत नाही.

पहाटे मेंढरं आत घालणारे धनगरही थांबले. मायाक्काला काठी उचलावी लागली नाही. धोंडा कालच्याच जागी होता, एवढं त्यांना पुरलं.

दुसऱ्या वर्षीही पक्षी आला नाही. तिसऱ्या वर्षी, श्रावणातच, सटवाजी टेकाडावर उभा असताना गवतात एक पांढरी मान वर आली. तो आवाज न करता खाली बसला. मग सत्तावीस दिवस सटवाजी रोज येत राहिला, आणि अठ्ठाविसाव्या सकाळी त्यानं मायाक्काला बोलावून आणलं. मादी धोंड्यांच्या आत चालत होती. तिच्या मागे, वाळक्या गवताच्या रंगाचं, मुठीएवढं काहीतरी धडपडत होतं.

“दिसलं?” सटवाजी कुजबुजला.

“दिसलं. गप ऱ्हा.”

दोघंही गवतात खाली बसली. मग सटवाजी हळूच म्हणाला, “मायाक्का, तुझे उपकार कसे फेडू? त्या दिवशी तू माझं नाव घेतलं नसतंस, तर...”

“माझं कसलं आलंय?” मायाक्कानं घोंगडी सावरली. “त्या पाखराचं मान. त्याचं अंडं फुटलं, तवा तुझं तोंड उघडलं. आमच्या पन्नास चुली माळावर पेटत्यात त्या त्याच्यामुळं.”

सटवाजीनं पक्ष्याकडे वळून हात जोडले. मायाक्कानंही जोडले. पिल्लू एका नाकतोड्यामागे धावलं, पडलं, उठलं, आणि त्यानं नाकतोडा धरला. दोघांनाही टोळधाडीची गोष्ट आठवली.

पुढे माळढोक नऊ झाले, मग सतरा. खळं झालं की पहिलं सूपभर धान्य धोंड्यांपाशी टाकायची रीत त्या गावांत पडली. बड्यांच्या घरूनही सूप येऊ लागलं. सटवाजी म्हातारा होऊन गेला, तेव्हा धनगरांनी त्याला त्या दोरीच्या एका तुकड्यानंच कंबर बांधून निरोप दिला. दोरी मात्र आखूड होऊ दिली नाही. तेवढी नवी वळून जोडली, मापून.

ज्या नियमाचं माप माणूस पाहून बदलतं, तो कुणालाच राखत नाही. ज्याचं माप सगळ्यांना एक, तो मुक्या पाखरालाही राखतो आणि माणसालाही.

राहिली ती नाल. राजानं ती चावडीच्या कोनाड्यात ठेवायला लावली आणि दवंडी पिटवली, की ज्याच्या बैलाची असेल त्यानं येऊन घेऊन जावी. कोनाड्यात ती अजून आहे. ती न्यायला आजवर कुणीही आलेलं नाही.